झोपेतली हरकत

सोसायटीच्या सभेला निघण्याआधी विनताबाईंनी नवऱ्याला, मुकुंदरावांना, चार वाट्या श्रीखंड वाढलं आणि पिशवीत उशी घेतली.

सभेत सेक्रेटरी डबीर म्हणाले, "गच्ची ड्रोनवाल्यांना भाड्याने द्यायची आहे. कोणाची हरकत?"

गच्चीवर विनताबाईंच्या कुरडया वाळत होत्या. त्यांना राग आला, तोच मनगटावरचा पट्टा गुणगुणला आणि राग रात्रीच्या झोपेसाठी जमा झाला.

"छान कल्पना आहे," त्या हसून म्हणाल्या.

सगळेच हसत होते. पट्टे सक्तीचे झाल्यापासून जागेपणी कोणी भांडलंच नव्हतं. माणसं भांडायची ती स्वप्नात, निपचित पडून.

मुकुंदराव मात्र निपचित पडत नसत. स्वप्नात जे करत, तेच त्यांचे हातपाय आणि तोंड अंथरुणात करत. डॉक्टर त्याला झोपेचा विकार म्हणत.

आताही पहिल्या रांगेत ते पेंगू लागले, तशी शेजारी बसलेल्या विनताबाईंनी त्यांच्या मानेखाली उशी सरकवली. चार मिनिटांत घोरणं सुरू झालं, पाचव्या मिनिटाला डबीरांच्या टेबलाला लाथ बसली.

"गच्ची तुझ्या बापाची आहे का, डबीर? माझ्या बायकोच्या कुरडया वाळतात तिथे."

जागेपणी त्यांनी कुरडयांचं कधी नावही काढलं नव्हतं. विनताबाईंनी उशी हळूच नीट केली.

इतिवृत्त: ठराव चौथा. एका सभासदाची हरकत (झोपेत). एकमत नसल्याने ठराव बारगळला.

मुकुंदराव दचकून जागे झाले. "मी काही बोललो का? माफ करा हं, डबीरसाहेब."

"छे छे, छान बोललात," डबीर हसले. त्यांचा पट्टा केव्हाचा गुणगुणत होता.

जिन्यात शेजारच्या लेलेबाईंनी विनताबाईंना गाठलं.

"वहिनी, पुढच्या सभेत पाण्याचा विषय आहे. श्रीखंड आमच्याकडून."