नकाशाबाहेरची टाचणी
रोज सकाळी रेडिओवरच्या युद्धाच्या बातम्या ऐकायच्या आणि दुकानातल्या नकाशावरच्या टाचण्या सरकवायच्या, हे माझं काम. एक मॉस्कोपाशी, एक आफ्रिकेच्या वाळवंटात. माझ्या मागे सरोवरावरून आलेले कोळी कॉफी पीत सेनापतींच्या थाटात भांडायचे. म्हातारा ग्रीमुर त्यात सगळ्यात खवट. नियम त्याचाच: आपल्या बाजूचं गाव शत्रूच्या हाती पडलं की तिथली टाचणी काढायची, रडत बसायचं नाही. १९४१च्या ऑक्टोबरात सिग्नाबाईंचा मुलगा लारूस आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या पलटणीबरोबर हाँगकाँगला गेला. माझ्या नकाशात युरोप आणि आफ्रिकेचा काठ होता, हाँगकाँग नव्हतंच. बाईंनी हातभर उजवीकडे, थेट लाकडी भिंतीत, निळी टाचणी खोचली. "इथं कुठंतरी असेल तो." ग्रीमुर म्हणाला, "तिथं माझा कोट असतो, बाई. आता त्याला हाँगकाँग म्हणू?" बाईही हसल्या. नाताळच्या दुसऱ्या सकाळी रेडिओनं सांगितलं, आफ्रिकेत आपण बेनगाझी घेतलं, हाँगकाँग मात्र जपान्यांच्या हाती पडलं. आपली पोरं मेली की पकडली गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आफ्रिकेची टाचणी पुढं सरकवली. तेवढ्यात सिग्नाबाई आल्या. डोळे कोरडे. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काढा ती. गाव पडलंय ना? नियम सगळ्यांना सारखा." माझा हात उठेना. ग्रीमुर उठला. मनात म्हटलं, हा काढणारच. त्यानं टाचणीवर अंगठा ठेवला आणि ती डोक्यापर्यंत आत दाबली. "नियम नकाशापुरता आहे, बाई," तो म्हणाला. "ही भिंत आहे."