लाभार्थी

शेतीच्या अनुदानाची यादी लागली, तशी म्हातारी तरातरा कार्यालयात गेली. जमीन मुलाच्या नावावर होती, पण तो भांडून घर सोडून गेल्याला अकरा वर्षं झाली होती. पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं तीच एकटी ओढत होती.

“जो बांधावर पाय ठेवत नाही त्याला अनुदान, आणि राबायचं मी?”

कारकुनाने संगणकावर नाव शोधलं. “मावशी, दरवर्षीच्या फोटो-पडताळणीला ते गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात स्वतः हजर राहून गेलेत. हा बघा फोटो.”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. चष्मा पुसून ती बराच वेळ बघत राहिली. पोराचे कानाजवळचे केस पिकले होते. गालफडं बसली होती. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

“तुम्ही तक्रार लिहून द्या,” कारकून म्हणाला. “चौकशी होईल, त्यांचं नाव कटेल आणि पैसे तुम्हाला मिळतील.”

त्याने पुढे केलेला अर्ज तिने हळूच मागे सरकवला.

“राहू दे बाबा त्याचं नाव. पुढच्या वर्षी नवा फोटो येईल ना?”