देवदारी खोक्याची सतार

"मास्तर, ती सतार मला परत द्या." जिलानीनं दारातून आत येता येताच विषय काढला.

दत्तोपंत मास्तर हसले. "अरे, परवा तर दिलीस. आमची प्रेमला तिला खाली ठेवत नाही."

"तिची जवारी बिघडली हाय, तारा नीट बोलत न्हाईत."

"चांगली वाजते की!"

आता ह्या भल्या माणसाला सांगायचं तरी कसं? नांदेडात सतारी करायचा तो जिलानीच, पण जर्मनच्या लढाईपासून बाहेरचं चांगलं लाकूड यायचं बंद झालेलं. मग त्यानं भंगारवाल्या चंद्रप्पाकडून एक देवदारी खोकं उचललं. वाळून खडखडीत झालेलं लाकूड, बोट मारलं की खणखणायचं. त्याचीच फळी त्यानं सतारीच्या भोपळ्यावर बसवली. वरून रंधा मारून पातळ केली. आतल्या अंगाला इंग्रजी अक्षरांचा काळा डाग होता, तो तसाच राहू दिला. आत कोण बघतंय म्हणा!

आणि आज चौकात निजामाच्या पोलिसांनी तसल्याच डागाचं खोकं सगळ्यांना दाखवलं. चोरीच्या काडतुसांचं खोकं. असलं लाकूड ज्याच्या घरात सापडेल तो मेलाच म्हणून समजा, असं जमादार ओरडून सांगत होता. झडत्या सुरू झाल्या होत्या. एका घरी तर मेल्यांनी तंबोऱ्याचा भोपळासुद्धा फोडून बघितला होता.

गल्लीतून बुटांचा आवाज आला. आवाज पुढं निघून गेला, तेव्हा जिलानीनं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"चूक माझी हाय, मास्तर. सतार जाळून टाकतो, पोरीला दुसरी करून देतो. पण आत्ताच्या आत्ता द्या. तुमच्यासारख्या देवमाणसाला माझ्यापायी फास नको."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी प्रेमलाला हाक मारली आणि आईला घेऊन मागच्या दारानं मावशीकडे जा म्हणून सांगितलं. जिलानीला बरं वाटलं. पोलीस यायच्या आत बायकापोरं बाजूला झालेली बरी.

"चंद्रप्पाला ठाऊक आहे हे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"त्याला काय कळतंय! त्यानं जळण म्हणून देऊन टाकलं."

"आणि तू कुणाला बोललास?"

"अल्लाकसम, घरी बायकोला पण न्हाई. चौकातून सरळ इथंच आलो."

मास्तरांनी आतून सतार आणून त्याच्या हातात दिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"फार भला माणूस आहेस रे तू, जिलानी." त्यांनी दाराला आतून कडी घातली. "काडतुसं माळ्यावर चढवली आणि रिकामं खोकं आमच्या हिनं मला न विचारता चंद्रप्पाकडे मोडीत घातलं. आता तुला बाहेर कसा जाऊ देऊ, तूच सांग."