पांघरायची कादंबरी

रांग दारापर्यंत आली होती. नाताळच्या संध्याकाळी हुसाविक गावात घरोघरी एकमेकांना पुस्तकं देतात, आणि सुट्टी संपली की एकच पुस्तक दोनदा मिळालेली माणसं ते बदलून घ्यायला दुकानात येतात. सोलरूनच्या हातात एकाच कादंबरीच्या दोन प्रती होत्या. दोन्ही अजून प्लास्टिकच्या वेष्टनात.

एक आईने ऑक्टोबरातच घेऊन ठेवलेली. नोव्हेंबरात आई गेली. दुसरी भावाने, केटिलने दिलेली. आईची कोणती, ते आता कळत नव्हतं. वरचे रंगीत कागद मुलांनी त्याच रात्री शेगडीत घातले होते.

सोलरून दोन्हींचे कोपरे पुन्हा पुन्हा बघत होती.

"एक दे, एक ठेव," केटिल मागून म्हणाला. "आत शब्द तेच आहेत ना?"

"तुला नाही कळायचं. शाळा सुटल्यापासून काय वाचलंयस तू?"

"हवामान. रोज वाचतो. बोटीवर चुकवून चालत नाही."

ती हसली नाही. आई अशा कादंबऱ्यांना 'पांघरायच्या' म्हणे. लहानसं गाव, चुलीवर काहीतरी रटरटतंय, बाहेर बर्फ, आणि कुणाला कसली घाई नाही. चुकून आईचीच प्रत परत गेली तर? उद्या ती दुसऱ्याच कुणाच्या तरी उशाशी असेल.

"बोल गं," दुकानातली वालदिस म्हणाली. मग तिने पुस्तकं पाहिली आणि तिचा हात थांबला. "या बदलायच्या आहेत? दोन्ही तुझ्या आईनेच नेल्यात. एकदमच. मी म्हटलं, अगं, एकच पुस्तक दोनदा घेतेयस. तर म्हणाली, ठाऊक आहे मला."

सोलरून वळली. केटिलचे कान लाल झाले होते.

"तू कधीच घेतलं नाहीस मला पुस्तक?"

"दरवर्षी आईच आणायची. म्हणायची, तुझ्या नावाने सोलरूनला दे." तो ओशाळून म्हणाला. "मला कुठलं कळतंय त्यातलं."

"आणि यंदा? देताना काय म्हणाली?"

केटिल आठवू लागला. "दवाखान्यात होती. पुडकं हातात दिलं. म्हणाली, हे तुझं."

"हे तुझं?"

"हो. मी घरी येऊन त्यावर तुझं नाव लिहिलं. नेहमीसारखं. मला दरवर्षी तिच्याकडून लोकरीचे मोजे असायचे. यंदा विणायचे राहून गेले असतील, असं वाटलं मला."

मागून कुणीतरी खाकरलं. सोलरूनने एक प्रत केटिलच्या हातात ठेवली. कोणती, ते तिने पाहिलं नाही.

"अगं, पण मी..."

"चल."

गाडीत बसल्यावर त्याने इंजिन सुरू केलं, पण गाडी हलवली नाही. काचा धुरकट झाल्या. दुपारचा निळा उजेड तासाभरात जाणार होता. वेष्टनं फाडल्याचा आवाज झाला, मग दोघं वाचू लागली. सोलरून पहिल्या पानाच्या तळाशी आली आणि तिने कोपरा उचलला.

"थांब ना," केटिल मान वर न करता म्हणाला. "मी अजून अर्ध्यावर आहे."

तिच्या हातात तिची स्वतःची प्रत होती. तरी ती थांबली.