बाबांच्या खोलीतला पॉइंट

"गादीच फालतू निघाली," बाबांच्या अंगाखालची चादर ओढता ओढता थोरली सून स्वतःशीच पुटपुटली. "इतकी नखरेल वस्तू मी जन्मात पाहिली नाही."

हवेची गादी आजही बसली होती. मांडीचं हाड मोडल्यापासून बाबा अंथरुणाला खिळले होते आणि पडून पडून पाठीला जखम झाली होती. पंप चोवीस तास चालू ठेवा, गादीत हवा खेळती राहिली तर जखम भरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाही भरली तर कापाकापी, आणि या वयात ती सोसेल याची खात्री कोण देणार? जखम भरत नव्हती. गादी रोज दुपारी बसायची आणि संध्याकाळी आपली आपण फुगायची. दुकानाचा माणूस तपासायला यायचा तेव्हा तर अशी टम्म असायची की बोट रुतू नये. घरच्यांनी पंप बदलून घेतला, मग गादीच बदलून घेतली. फोनवरून दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. गादी काही सुधारली नाही.

आज मात्र गादीचं गाऱ्हाणं मागे पडलं, कारण घरभर जळका वास सुटला होता. बाबांच्या उशालगतच्या पॉइंटचं तोंड काळं झालं होतं आणि त्यापुढे वायरमन उकिडवा बसला होता.

घर बाबांनीच बांधलेलं. त्या काळी खोलीला एक दिवा, एक पंखा आणि रेडिओपुरती एक पिन म्हणजे चैन होती. जाड वायरचा पॉवरचा पॉइंट फक्त या खोलीत. थंडीत बायकोचे गुडघे धरायचे, म्हणून बाबांनी हीटरसाठी तो हौसेने घेतला होता. आता हीटर नव्हता, बायकोही नव्हती. पॉइंट मात्र साऱ्या कुटुंबाचा झाला होता. त्यात मल्टिप्लग, मल्टिप्लगच्या पोटी एक्स्टेन्शन, एक्स्टेन्शनच्या पोटी आणखी एक, अशी वंशवेल दाराखालून घरभर पसरली होती. वायरींमुळे बाबांच्या खोलीचं दार लागत नसे. "दार उघडं असलं की बाबांना सोबत वाटते," असं थोरला पाहुण्यांना सांगत असे. पाहुण्यांचा ऊर भरून यायचा.

एवढी वंशवेल असूनही जागा कमीच पडायची. मग घराने एक पद्धत पाडली होती. ज्याला प्लग लावायचा असेल त्याने पॉइंटपाशी उभं राहून ओरडायचं, "काढू का रे?" ज्याचं काही चालू असेल त्याने आपापल्या खोलीतून ओरडायचं, "माझं नको!" जिथून ओरड आली नाही, ती जागा मोकळी. घरात पक्की लोकशाही होती.

"हे कुणा गाढवाने जोडलंय?" मल्टिप्लग चिमटीत धरून वायरमनने विचारलं.

"तुम्हीच," धाकटी सून म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात."

वायरमनने घसा खाकरला आणि पक्कड उचलली. नवा पॉइंट बसवला, मेन चालू केला. घर घुंई करून जागं झालं. बाबांच्या पायथ्याचा पंपही भुंग्यासारखा गुणगुणू लागला.

"हे तात्पुरतं हं," वायरमन हात झटकत म्हणाला. "आतली लाइनच म्हातारी झालीय. नवी ओढायला हप्ता तरी जाईल. तोवर इथला भार उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी मला नाही, बंबवाल्यांना बोलवावं लागेल. बोला, काय काढू?"

"ओव्हनला हात लावायचा नाही," थोरली म्हणाली. "माझ्या केकच्या ऑर्डरी आहेत."

"माझं ऑफिसच घरी आहे," धाकटा म्हणाला. "कॉम्प्युटर बंद म्हणजे नोकरी बंद."

"कूलर नसला की माझं बीपी चढतं," थोरला म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असणारच भावजी, तुम्ही सगळ्यांना सांगता ना!" धाकटीने ठेवून दिली. "आणि वॉशिंग मशीन काढलंत तर कपडे काय मी नदीवर नेऊ?"

मग चौघांची नजर फिरत फिरत पायथ्याच्या पंपावर गेली आणि चटका बसल्यासारखी परत फिरली. थोरला पंख्याकडे पाहू लागला. धाकट्याने मोबाइल काढला.

"माझा काढा," बाबा म्हणाले.

"छे छे! काहीतरीच काय बाबा!" चौघं एका सुरात ओरडले. इतकं एकमत त्या घरात कूलर घेतानाही झालं नव्हतं.

"तुमच्यापेक्षा का आम्हाला मशिनी जास्त मोलाच्या आहेत?" धाकटा म्हणाला.

"तुमच्या गादीसाठी आम्ही त्या दुकानदाराशी किती भांडलो, बाबा," थोरली म्हणाली. तिने ओढणीने डोळ्यांच्या कडा टिपल्या. कोरड्या होत्या, तरी टिपल्या.

वायरमनला हसू आलं. "आजोबा, तुमचा पंप खाऊन खाऊन किती वीज खाणार? झिरोच्या बल्बएवढी. तो काढून काही फरक पडत नाही."

बाबांनी उशीवरची मान हळूच वळवली. मुलांकडे नाही, सुनांकडेही नाही. ते वायरमनकडे पाहत राहिले, एखादी जुनी शंका विचारायला अखेर जाणता माणूस भेटावा तसे.

"असं होय," ते म्हणाले. "मग हे रोज दुपारी काढतात कशाला?"