मागे पडलेलं घड्याळ

स्क्रीनवर लेकाचा, निषादचाच चेहरा होता आणि आवाजही त्याचाच. पण चेहरा आणि आवाज कुणालाही हुबेहूब घडवता येऊ लागल्यापासून हेमलताबाई डोळ्यांवर विसंबत नसत. वादळात त्याचं जहाज बेपत्ता झाल्यावर दोन खोटे निषाद त्यांना ‘आई’ म्हणून गेले होते.

“आकडे सांग,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या.

त्याने आपल्या यंत्रावरचे सहा आकडे वाचून दाखवले. हेमलताबाईंनी संगणकाच्या काळ्या चौकटीत कमांड टाइप केली. फक्त दोघांकडे असलेल्या गुप्त किल्लीतून आणि घड्याळातल्या चालू क्षणातून दर अर्ध्या मिनिटाला नवे उमटणारे आकडे त्यांच्याकडे वेगळेच होते. त्यांचा हात फोन बंद करायला उचलला गेला.

“आई, थांब. जहाजावरची वीज गेली होती. या यंत्राचं घड्याळ मी अंदाजानं लावलंय.”

त्यांनी कमांड बदलून सरलेल्या मिनिटांचे आकडे मागवले. ओळींमागून ओळी उतरत गेल्या आणि त्यांत ते सहा आकडे सापडले, चार मिनिटांपूर्वीचे.

इतके दिवस छातीत तुंबलेला समुद्र डोळ्यांवाटे ओसरू लागला.

“शाळेतही कधी वेळेवर पोचला नाहीस, मेल्या,” त्या म्हणाल्या. “जेवलास का?”