लायनेलचं मत

रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेलं जाड कागदाचं पोस्टर. लायनेलच्या खोलीतून दिसते ती नुसती पांढरी पाठ.

त्याच वृद्धाश्रमात राहणाऱ्या वॉल्टरच्या गुडघ्यांना पुढच्या पायऱ्या झेपत नाहीत. टॅक्सी मागच्या दाराशी येते.

मतदानाच्या आडोशामागे दोरीने टेबलाला बांधलेली पेन्सिल.

ग्वेन ऑर्मरॉड, मजूर पक्ष. बापाने, वॉल्टरने, गमावलेली जागा परत मिळवायला उभी आहे.

*

"या, खासदारसाहेब," टॅक्सीचं दार धरून सिड म्हणाला. पक्षाचा जुना कार्यकर्ता.

"माजी म्हण बाबा. नाहीतर लोक खड्डे दाखवायला येतील."

सिड हसला, पण गाडी सुरू करेना. "ऐकलं ते खरं? लायनेलचं मतही तूच टाकणार?"

"त्याच्या वतीने. रीतसर."

"हुजूर पक्षाच्या निळ्यांना? पोटच्या पोरीविरुद्ध? ही लढत किती अटीतटीची आहे, ठाऊक आहे ना तुला? आत कोण बघतंय, वॉल्टर?"

"गाडी चालव."

संसदेत वॉल्टर आणि लायनेल समोरासमोरच्या बाकांवर बसत. तिथली रीत अशी, की दोन पक्षांचे दोघे जोडी जमवतात. एकाला मतदानाला येता आलं नाही, तर दुसराही जात नाही. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. वॉल्टरची बायको शेवटच्या घटका मोजत होती, त्या रात्री लायनेलच्या सरकारला एकेक मत हवं होतं. स्वपक्षीयांनी लायनेलला काय काय ऐकवलं. तो जागचा हलला नाही, मतदानाला गेलाच नाही.

यंदा वसंतात पक्षाघाताने लायनेलची वाचा गेली, उजवा हात गेला. आपल्या वतीने मत कोण टाकणार, असं विचारल्यावर, स्वतःचा मुलगा शेजारी बसलेला असताना, त्याने डावं बोट वॉल्टरकडे केलं.

वॉल्टरने खिडकीतल्या पांढऱ्या पाठीकडे पाहिलं होतं. "माझ्या नाकावर टिच्चून खिडकीत निळं पोस्टर लावतोस," तो म्हणाला होता, "आणि मत माझ्या हाती देतोस? बरं. दगा नाही होणार."

लायनेलने मान जोरजोरात हलवली होती. वॉल्टरने त्याचा हात थोपटला होता.

चर्चच्या सभागृहात वॉल्टर काठी टेकत आडोशामागे गेला. पहिल्या कागदावर ग्वेनच्या नावापुढे फुली मारली. मग दुसरा कागद घेतला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि निळ्या उमेदवारापुढे फुली मारली. ठळक, कुणाला शंका येऊ नये अशी.

*

मोजणी झाली, फेरमोजणी झाली. ग्वेन एका मताने हरली.

सकाळी वॉल्टर लायनेलच्या पलंगाशी येऊन बसला. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ.

"तुझं मत तुझ्या माणसाला दिलं, लायनेल. शब्द पाळला."

लायनेलने मोठ्या कष्टाने डावा हात उचलला आणि खिडकीकडे बोट केलं.

"हो," वॉल्टर म्हणाला. "ऊन छान पडलंय."

प्रचाराच्या पहिल्याच आठवड्यात लायनेलने ते पोस्टर खुणेने मागून घेतलं होतं, आणि तेव्हापासून रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही त्यावरची लाल अक्षरं वाचता येत होती: ग्वेन ऑर्मरॉड.